शून्य अंशाला नऊ वार

थंडीची ट्रिप ठरली की आधी चर्चा होते बुटांची, मग जॅकेटची, मग कोणाच्या फोनमध्ये फोटो चांगले येतात याची. पांघरुणाचा विषय निघतो तो अगदी शेवटी, तोही आईच्या तोंडून. ‘आणि रात्री पांघरणार काय?’ मुंबईकराकडे या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण मुंबईकराला पांघरुणाची सवयच नसते. आम्ही पंखा पाचवर ठेवतो आणि वर चादर घेतो. झाली आमची थंडी!

आकडाच हवा असेल तर ऐका. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४ अंश. तारीख २२ जानेवारी १९६२. सांताक्रूझ म्हणजे आमच्या शेजारचं स्टेशन. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन खारदांड्यात आली होती. आकडा तिला माहीत नाही, पण एका हिवाळ्यात घरातली होती नव्हती ती सगळी लुगडी सगळ्यांनी मिळून अंगावर घेतली होती, एवढं तिच्या पक्कं लक्षात आहे.

ज्यांना खार म्हणजे लिंकिंग रोड आणि कॅफे एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी छोटीशी ओळख. स्टेशनवरून पश्चिमेला चालत सुटा. गल्ल्या अरुंद व्हायला लागल्या आणि नाकाला सुक्या बोंबलांचा वास आला की समजा, दांडा आला. एका बाजूला कार्टर रोड, दुसऱ्या बाजूला जुहू आणि मध्ये आमचा कोळीवाडा. मी इथलीच. मास मीडियाची डिग्री घेतली, दोन नोकऱ्या केल्या आणि आता फ्रीलान्सिंग करते. म्हणजे लेख आज छापून येतो आणि चेक तीन महिन्यांनी. त्यामुळे कॉलेजच्या ग्रुपने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डलहौसीचा बेत आखला तेव्हा हॉटेलऐवजी हॉस्टेल आणि एसीऐवजी स्लीपर, हे माझ्या बजेटने परस्पर ठरवून टाकलं होतं.

हॉस्टेलची मेल आली. सामानाची यादी नेहमीचीच, पण पाचव्या ओळीवर मी अडकले. ‘ब्लँकेट मिळतील. आतली चादर किंवा स्लीपिंग बॅग लायनर स्वतःचं आणावं.’ डलहौसी साधारण २००० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरअखेर रात्री पारा शून्याच्या आसपास असतो. दोन दिवस डोंगरात चालायचं होतं, म्हणजे सगळं ओझं स्वतःच्या पाठीवर. आणि पर्याय होते चार.

पहिला पर्याय, मैत्रिणीची स्लीपिंग बॅग. ती अंधेरीला एका अ‍ॅड एजन्सीत आहे, दर वर्षी कुठे ना कुठे ट्रेकला जाते आणि असल्या वस्तूंवर मनापासून खर्च करते. दुसरा, कपाटातली सोलापुरी चादर. ती नाही असं मराठी घर मला अजून भेटायचंय. महाराष्ट्राला मिळालेल्या सुरुवातीच्या जीआय मानांकनांपैकी एक या चादरीचं आहे, पण आमच्या घरी तिचा मान एवढाच की पाहुणे आले की ती बाहेर निघते. तिसरा, घोंगडी. वडिलांच्या एका मित्राने पंढरपूरहून आणून दिलेली, काळी, अंगाला टोचणारी. आणि चौथा म्हणजे आजीची गोधडी.

आता थोडा फंडा क्लिअर करू या, कारण मीही या निमित्ताने बरंच वाचलं. पांघरूण ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाचीच असते, पांघरूण ती फक्त अडवतं. अडवतं ते कापडही नव्हे, कापडात अडकलेली हवा. म्हणून पिसांची किंवा पोकळ धाग्यांची स्लीपिंग बॅग फुगलेली असते तोवरच गरम. तुम्ही तिच्यावर आडवे झालात की पाठीखालचा भाग चेपतो, हवा निघून जाते आणि खालून गारठा लागायला सुरुवात होते. अंगावर तीन ब्लँकेटं घेऊनही कुडकुडणारी माणसं असतात ना, त्यांचा प्रॉब्लेम बहुतेक वेळा खालचा असतो. अंथरूण आधी, पांघरूण मग. मराठीत हे दोन्ही शब्द जोडीने का येतात ते मला तेव्हा उमगलं.

मैत्रिणीच्या बॅगवर दोन आकडे होते. एक कम्फर्ट, एक लिमिट. या आकड्यांसाठी २००२ साली ईएन १३५३७ नावाचं युरोपियन मानक आलं आणि २०१६ पासून त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. गंमत बघा, त्यात ‘कम्फर्ट’ हा आकडा बाईच्या हिशेबाने काढतात आणि ‘लिमिट’ हा पुरुषाच्या, तोही अंग आखडून झोपलेल्या. दुकानात मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय ते पाहूनच घ्या. मुलींनी तर नक्कीच. आणि काही बॅगांवर ‘एक्स्ट्रीम’ म्हणून तिसरा आकडा असतो, त्याकडे ढुंकूनही पाहू नका. त्या तापमानाला माणूस जगला तर जगला, अशा अर्थाचा तो आकडा आहे.

घोंगडीचा विचार मी खरं तर सगळ्यात जास्त केला. दख्खनी मेंढीची लोकर, मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही. आपला धनगर भर पावसात रानात ती डोक्यावर घेऊन उभा राहतो ते उगाच नाही. जिथे आम्ही जाणार होतो त्या चंबा भागात गद्दी मेंढपाळही तशीच जाड लोकरी पांघरुणं वापरतात. म्हणजे वस्तू एकदम योग्य. पण आमची घोंगडी भरली तीन किलोच्या वर, आणि माझ्या सॅकमध्ये ती गेली की दुसरं काहीच जात नव्हतं. सॉरी बॉस.

राहिली गोधडी.

आजीने आयुष्यात किती गोधड्या शिवल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. घरात आज चार आहेत. सगळ्यात शेवटची माझ्या दहावीच्या वर्षी शिवलेली, तिच्या लुगड्यांची, आत काकांच्या लुंग्या आणि माझे शाळेचे फ्रॉक. त्यानंतर तिचे डोळे गेले, म्हणजे ऑपरेशन झालं, दिसतं, पण सुईचं नेढं दिसत नाही. ही गोधडी मी वापरते. तिला माझा वास आहे आणि, खरं सांगायचं तर, घराचाही. आमच्या घराला लागून गच्चीवर सुकट वाळते. ऑक्टोबरपासून पावसापर्यंत जे काही कापड या घरात राहतं त्याला तो वास लागतो. आम्हाला तो येत नाही. कॉलेजला असताना माझ्या ओढणीचा एका मुलीला आला होता आणि तिने वर्गात खिडकी उघडायला सांगितली होती. तेव्हापासून बाहेर कुठे राहायला जाताना मी कपडे मैत्रिणीकडच्या मशीनमध्ये धुऊन तिथूनच परस्पर नेते. ही सवय गेली दहा वर्षं आहे. गोधडी मशीनमध्ये जात नाही.

तर एकीकडे हे, आणि दुसरीकडे आजी. ट्रिपचं कळल्यापासून तिचं एकच चालू होतं. ‘गोधरी ने, बाय.’

मध्येच थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच पुढचा मार्ग सापडला. यूथ हॉस्टेल ही कल्पना रिचर्ड शिरमन नावाच्या जर्मन शिक्षकाची. १९०९ च्या ऑगस्टमध्ये तो मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळी पावसाने गाठलं. मुलांना एका गावच्या शाळेत आसरा मिळाला आणि ती रात्र त्यांनी गवताच्या पेंढ्यावर काढली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळांत पोरांना झोपायला जागा का देऊ नये, हे त्याला त्या रात्री सुचलं. म्हणजे हॉस्टेलचं पहिलं बेडिंग पेंढा! पुढे हॉस्टेलं वाढली, ब्रिटनमध्ये १९३० साली संघटना उभी राहिली, आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया आली १९४९ मध्ये. हॉस्टेलं ब्लँकेट द्यायची, पण ब्लँकेट रोज कोण धुणार? म्हणून पाहुण्याने स्वतःची चादरीची पिशवी आणायची, असा दंडक पडला. साध्या सुती चादरीची, तीन बाजू बंद, वरच्या बाजूला उशीसाठी खिसा. तिच्यात शिरायचं आणि वरून हॉस्टेलचं ब्लँकेट ओढायचं. ब्लँकेट अंगाला लागत नाही, सकाळी आपली पिशवी आपण घेऊन चालू पडायचं.

आता उलटा जमाना आलाय. परदेशातली कित्येक हॉस्टेलं बाहेरची स्लीपिंग बॅग आतच येऊ देत नाहीत. कारण एकच, ढेकूण! चादरी तेच देतात. आपल्याकडे मात्र डोंगरातल्या हॉस्टेलांत आणि ट्रेकिंगच्या कॅम्पांत अजून तोच जुना शहाणा नियम दिसतो. यादीत लिहिलेलं ‘लायनर’ म्हणजे दुसरं काही नाही, तीच चादरीची पिशवी.

आणि आपल्या आधीच्या पिढीला हे काही नवीन नव्हतं. वळकटी हा शब्द आठवतोय? सतरंजीत चादर, उशी, सगळं गुंडाळून वर दोरी. माझे वडील शाळेच्या सहलीला वळकटी घेऊन गेले होते. मग होल्डॉल आला, मग एसी डब्यात कागदी पाकिटातल्या पांढऱ्या चादरी आल्या आणि अंथरूण सोबत न्यायचं असतं हेच आपण विसरलो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे रेल्वेने एसी डब्यांतलं बेडिंग बंद केलं, ते परत सुरू झालं मार्च २०२२ मध्ये. त्या दोन वर्षांत एसीवाल्यांनाही पुन्हा वळकटी बांधायला शिकावं लागलं. स्लीपरवाले कधी विसरलेच नव्हते.

असो. निघायला आठ दिवस राहिले असताना मी जेवताना हे सगळं घरात बोलून दाखवलं. लायनर ऑनलाइन मागवते म्हटलं. रेशमाचं महाग होतं, मायक्रोफायबरचं जरा स्वस्त. आजी बोंबलाचा काटा काढत ऐकत होती. मला वाटलं आता पुन्हा गोधडी. पण तिने भलताच प्रश्न विचारला.

‘भिजली त सुकवशील कुटं?’

गोधडीबद्दलच विचारत होती ती. मी म्हटलं, तिथे ऊन कमी, सुकायला दोन-तीन दिवस लागतील. तिने मान हलवली आणि विषय मिटवला. गोधडी नेऊ नकोस. जिने पन्नास वर्षं बोंबील वाळवले तिला हे कळायला कुठलंही मानक लागत नाही. ऊन नाही, वारा ओला, म्हणजे माल कुजणार. गोधडी म्हणजे सुती कापडाचे सहा-सात थर. एकदा पाणी प्यायली की आतल्या थरापर्यंत वारा पोचत नाही. मी चार रात्री इंटरनेटवर ‘कॉटन की सिंथेटिक’ वाचत बसले होते, तिने एका प्रश्नात निकाल लावला.

मग ती उठली, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोधड्या शिवणं बंद झालं ते फक्त आजीच्या डोळ्यांमुळे नाही. गोधडी नवीन कापडाची होत नाही. वर्षानुवर्षं नेसून, धुऊन, उन्हात वाळवून सुती लुगडं जेव्हा मलमलीसारखं मऊ पडतं तेव्हाच ते गोधडीत जातं. आमच्या आया-काकवा घरात गाऊन घालतात, बाहेर सिंथेटिक साडी. लुगडं निघतं लग्नाला, शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला. तेही आता बरेचदा चमकणारं, मिक्स धाग्याचं. ते विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही. म्हणजे गोधडीचा कच्चा मालच संपला. ट्रेंडी दुकानांत ‘हँडमेड गोधडी’ म्हणून जे मिळतं ते सुंदर असतं, पण ते बहुतेक नव्या कापडाचं. एका बाईने अंगावर झिजवलेलं कापड त्यात कुठून येणार?

ट्रंकेत रोजच्या वापरातली सुती लुगडी राहिली होती तीन. डांबरगोळ्यांच्या वासात घडी घातलेली. आजीने हाताने चाचपून एक बाहेर काढलं. हिरवं, बारीक चौकटीचं, लाल काठाचं. मधोमध इतकं विरलेलं की आरपार दिवा दिसावा.

आईने कपाळाला हात लावला. ‘हे नको. हे तर ठेवायचं होतं.’

ठेवायचं म्हणजे कशासाठी, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. आजी ऐंशीच्या पुढे आहे. तीन लुगडी म्हणजे आई, काकू आणि आत्या. आईने ती वाटणी मनात केलेली असावी, आणि मला ते त्याच क्षणी कळलं. मी म्हटलं, राहू दे, मी ऑनलाइन मागवते, उद्या येईल. आईनेही म्हटलं, मागव, पैसे मी देते. आईने पैसे देते म्हणणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे.

आजीने लुगडं तोवर माझ्या खांद्यापासून पायापर्यंत लावून बघितलं होतं.

‘कपराच हाय ना तो?’ ती आईला म्हणाली. आणि मला म्हणाली, कात्री आण.

गणित सांगते, कोणाला करायचं असेल तर. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पन्हा साधारण पावणेचार फूट, म्हणजे एका माणसाला वळायला पुरेसा. दोन मीटर खाली, दोन मीटर वर, उशीच्या खिशाला अर्धा मीटर. साडेचार मीटरवर कापायचं. मधून दुमडलं की पायाची बाजू आपोआप बंद, शिवायच्या फक्त दोन कडा. एका बाजूने वरचे दोन फूट मोकळे सोडा, रात्री बाहेर पडायला लागतं. आमच्या लुगड्याला काठ होता म्हणून कडा दुमडाव्याही लागल्या नाहीत. वजन भरलं चारशे ग्रॅमच्या आत. विकतच्या सुती लायनरपेक्षा हे जड नाही.

मशीनवर पंधरा मिनिटांचं काम होतं. आजीला ते मंजूर नव्हतं. विरलेलं कापड मशीन फाडतं, हाताने शिवायचं. मी एकदम दहा सुयांत दोरा ओवला आणि उशीत ओळीने टोचून ठेवल्या. तिने धावदोरा घालायचा, दोरा संपला की पुढची सुई उचलायची. दिसत नाही म्हणणाऱ्या बाईचा टाका बोटाच्या अंदाजाने सरळ जात होता. आई स्वयंपाकघरातून दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खाली बसली आणि दुसरी कड तिने घेतली. दोघी काही बोलल्या नाहीत. टीव्हीवर सीरियल चालू होती.

वांद्रे टर्मिनस आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथून पठाणकोटपर्यंत गाडी आणि पुढे साधारण ऐंशी किलोमीटर घाट. स्लीपरमध्ये पहिली रात्र सोलापुरी चादर पुरली. दुसऱ्या रात्री पंजाबच्या वाटेवर खिडकीच्या फटीतून जो वारा यायला लागला त्याला चादर, जॅकेट आणि कानटोपी, तिन्ही लागलं. माझी शिफारस लिहून ठेवा. स्लीपरने उत्तरेला जाताना खिडकीच्या फटीत कोंबायला जुनं वर्तमानपत्र न्या. कुठलं ते तुम्ही ठरवा, मी सगळ्यांसाठी लिहिते.

डॉर्मिटरी आठ जणींची. रात्री दिवे बंद व्हायच्या आधी सगळ्यांनी आपापलं अंथरूण काढलं. पुण्याच्या दोघींच्या मॅचिंग स्लीपिंग बॅगा, नागपूरच्या एकीचं फ्लीसचं लायनर, चंदीगडच्या एकीकडे घरची रजई, ती गाडी घेऊन आली होती. मी सॅकच्या तळातून हिरवी घडी काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून, अगदी हलका, दुसरा. तो मला आला, एवढंच सांगते. मी पहिल्यांदाच घरचं कापड मैत्रिणीकडच्या मशीनमध्ये न फिरवता आणलं होतं. ते मशीनमध्ये टिकलं नसतं, हे एक कारण. रजईवाली शेजारच्या बेडवरून म्हणाली, ‘ये कहाँ से लिया? साडी है क्या?’ मी हो म्हटलं, दादी की. तिने काठाला हात लावून बघितला आणि किती मऊ आहे म्हणाली. खिडकी कुणी उघडायला सांगितली नाही. अर्थात बाहेर शून्य अंश होतं, कोण सांगणार!

झोप कशी लागली? खाली हॉस्टेलची गादी, त्यावर एक ब्लँकेट दुहेरी घालून अंथरलेलं, मध्ये लुगड्याच्या पिशवीत मी, वर दोन ब्लँकेटं. खालचं ब्लँकेट सगळ्यात कामाचं. पहाटे पाचला नाक सोडून सगळं गरम होतं. सुती पिशवी फार मोठी ऊब देत नाही हे खरंय, पण गार ब्लँकेट थेट अंगाला लागत नाही, आणि पहिली दहा मिनिटं जी माणसाला रडवतात ती सुसह्य होतात. दुसऱ्या मुक्कामी थोडं दव लागून पिशवी ओली झाली. दुपारी चालताना सॅकवर पसरून बांधली, दोन तासांत कोरडी. गोधडी असती तर अजून वाळत असती.

परत आल्यावर आजीने पिशवी हातात घेतली आणि शिवण बोटाने चाचपून बघितली. एका ठिकाणी टाका सैल झाला होता तो आईने घातलेला निघाला, यावर दोघींचं थोडं वाजलं. उरलेल्या पावणेचार मीटर तुकड्यावर आता धाकट्या चुलतभावाने नाव लावलंय. त्याला पुढच्या हिवाळ्यात मनालीला जायचंय. त्यात उशीचा खिसा बसणार नाही आणि लांबी भरेल सहा फुटांच्या जेमतेम आसपास. तो आहे पाच फूट अकरा.

‘पाय दुमरून निज,’ आजीने त्याला सांगितलंय. सुया मी ओवून ठेवल्या आहेत.